फिलिपिन्सचा इतिहास बघायचाय, पण कुठे? मनिला, सेबू, विगन की कोरेहिदोर

"बीचचे दोन दिवस कमी करतो, पण थोडा इतिहास बघू. कुठे जाऊ?" मनिलात नोकरीनिमित्त तीन वर्षं काढल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे येत असतो. २०२५च्या जूनपासून भारतीय पर्यटकांना १४ दिवस व्हिसाशिवाय फिरता येऊ लागलं, तेव्हापासून तर जरा जास्तच. विचारणाऱ्याकडे बहुतेक चार नावं तयार असतात: मनिलातलं तटबंदीचं जुनं शहर इंत्रामुरोस, सेबू, विगन आणि कोरेहिदोर बेट. कुणी बानावेच्या भातखाचरांचा फोटो पाठवून "हेपण बसेल का?" असंही विचारतं.

सगळं बसत नाही. सात हजारांहून जास्त बेटांचा देश आहे. सकाळी रायगड चढून रात्री पुण्यात जेवायला, हा हिशोब तिथे चालत नाही. विगन मनिलाच्या उत्तरेला सुमारे ४०० किलोमीटर, बसने आठ ते दहा तास. सेबूला विमान. कोरेहिदोरला बोट, तीही सुरू असली तर. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: एकच दिवस असेल तर मनिला. विगन जास्त देखणं आहे, सेबू सोपं आहे, कोरेहिदोर अंगावर येतं. तरी मनिलाच, उकाडा आणि जीपनी नावाच्या शेअर मिनीबसचा धूर धरून.

सेबू: अर्ध्या दिवसाचं काम

बहुतेक सहल कंपन्या इतिहासाची सुरुवात सेबूपासून करतात, कारण शाळेच्या पुस्तकातही ती तिथूनच होते. एप्रिल १५२१ मध्ये मॅगेलन इथे पोचला. (हाच माणूस १५०५ मध्ये पोर्तुगीज आरमारातून भारतात आला होता. पुढे पोर्तुगालच्या राजाशी बिनसलं आणि तो स्पेनच्या चाकरीत गेला.) सेबूचा राजा हुमाबोन आणि त्याची राणी यांनी बाप्तिस्मा घेतला, राणीला बाळ येशूची छोटी मूर्ती भेट मिळाली आणि एक क्रूस रोवला गेला.

तो क्रूस आज एका छोट्या अष्टकोनी घुमटीत उभा आहे. आपल्याला दिसतो तो मात्र तिंदालो लाकडाचा बाहेरचा कोष. मूळ क्रूस आत आहे असं सांगतात, कारण लोक औषधी समजून त्याच्या ढलप्या काढून नेत होते. घुमटीपाशी मेणबत्त्या विकणाऱ्या बायका तुमच्या नावाने नवस बोलत, जागच्या जागी डुलत मेणबत्ती हलवतात. दोन मिनिटांचाच प्रकार, पण इथला ख्रिस्ती धर्म स्पेनमधून आला तसाच राहिला नाही, हे त्या दोन मिनिटांत कळतं. शेजारच्या बासिलिकेत ती बाळ येशूची मूर्ती आहे. १५६५ मध्ये स्पॅनिश सेनापती लेगास्पीच्या सैनिकांना ती जळालेल्या वस्तीतल्या एका घरात सापडली. म्हणजे मधली ४४ वर्षं मिशनरी नसतानाही कुणीतरी ती सांभाळली होती.

खरी गंमत पुलापलीकडे, माक्तान बेटावर आहे. २७ एप्रिल १५२१ रोजी तिथला सरदार लापू-लापू याच्या लोकांनी मॅगेलनला उथळ पाण्यात गाठून मारलं. आज एकाच आवारात दोन स्मारकं आहेत: स्पॅनिश राजवटीत १८६६ मध्ये उभारलेला मॅगेलनचा मनोरा आणि लापू-लापूचा वीस मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा. मरणाऱ्याचं आणि मारणाऱ्याचं स्मारक हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे, त्यामुळे मराठी माणसाला याचं फार नवल वाटू नये.

एवढं बघायला अर्धा दिवस पुरतो. बोहोल बेटावर किंवा समुद्रावर जाण्यासाठी सेबूला उतरणारच असाल तर जरूर बघा. फक्त इतिहासासाठी वेगळं विमान काढू नका. आणि फिलिपिन्सचा इतिहास १५२१ मध्ये सुरू झाला असा समज घेऊन परत येऊ नका. वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा भारताचा इतिहास सुरू झाला असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का?

शके ८२२ चा तांब्याचा पत्रा

१५२१ च्या आधीचं काय, याचं सगळ्यात चांगलं उत्तर मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात, मानववंशशास्त्राच्या इमारतीत आहे. ए-फोर कागदाएवढा तांब्याचा काळपटलेला पत्रा, त्यावर दहा ओळी. १९८९ मध्ये लागुना प्रांतात लुम्बान नदीच्या मुखापाशी वाळू उपसताना तो सापडला. लिपी जावाकडची कावी, भाषा जुनी मलय. पण सुरुवात कशी आहे बघा: स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष चतुर्थी, सोमवार.

संग्रहालयातली बाकीची मंडळी इंग्रजी भाषांतराच्या पाटीवर डोळे लावून होती. मला पहिल्या ओळीला पाटीची गरजच पडली नाही. आपल्या लग्नपत्रिकेत असते तीच मांडणी. इसवी सनाच्या हिशोबाने ही तारीख २१ एप्रिल ९००. मॅगेलन यायच्या सहाशे वर्षं आधी या बेटांवर शक मोजणारे, तिथी-वार लिहिणारे कारकून होते.

आणि मजकूर? कर्जमुक्तीची पावती. नामवरन नावाच्या माणसाचं सोन्यातलं देणं फिटलं, आता त्याच्या मुलाबाळांवर त्याचा बोजा नाही, एवढंच. गंमत म्हणजे आज तिथे भारतीय माणसाला 'बुम्बाय' म्हणतात, म्हणजे बॉम्बेवाला, आणि बुम्बाय म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मोटरसायकलवरून फिरून पाच देऊन सहा वसूल करणारा सावकार. देशातला सगळ्यात जुना लिखित कागद कर्जाचा, आणि आपली ओळखही कर्जाची! (मोठ्या कांद्यालाही तिथे 'सिबुयास बॉम्बे' म्हणतात. लासलगावकरांनी याची नोंद घ्यावी.)

याच संकुलातल्या ललितकलांच्या इमारतीत फिलिपिनो चित्रकार हुआन लुनाचं 'स्पोलियारियम' हे चित्र आहे, सव्वाचार मीटर उंच आणि साडेसात मीटरहून रुंद. विषय रोममधला: मेलेल्या ग्लॅडिएटरांना ओढून नेताहेत. १८८४ मध्ये माद्रिदच्या प्रदर्शनात याला सुवर्णपदक मिळालं आणि वसाहतीतला माणूसही राज्यकर्त्यांच्या तोडीचं काम करतो हे त्यांच्याच घरात सिद्ध झालं. दोन्ही इमारतींना प्रवेश मोफत. दोन्ही मिळून तीन तास ठेवा.

इंत्रामुरोस: जिथे फारसं काही शिल्लक नाही

आता मूळ मुद्दा. इंत्रामुरोस म्हणजे तटाच्या आतलं. १५७१ मध्ये लेगास्पीने पासिग नदीच्या मुखाशी वसवलेलं स्पॅनिश मनिला. त्या जागी आधी राजा सुलायमानची लाकडी गढी होती. तिच्याच जागेवर फोर्ट सांतियागो उभा राहिला. किल्ल्याच्या दरवाज्यावर घोड्यावर बसलेला संत सांतियागो कोरलाय, टापांखाली मूर, म्हणजे मुसलमान. सुलायमान मुसलमान होता हे लक्षात ठेवून त्या शिल्पाकडे बघा. माझी सगळ्यांना शिफारस असते की आत शिरायची घाई न करता या दरवाज्याशी पाच मिनिटं थांबा.

आत गेल्यावर निराशा होण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगतो. गोव्यातलं जुनं गोवं किंवा वसईचा किल्ला डोळ्यांसमोर ठेवून जाल तर इथे बरंचसं सिमेंट दिसेल. नव्याने बांधलेले वाडे, कॉलेजं, सरकारी कचेऱ्या, पार्किंग. कारण फेब्रुवारी १९४५. मनिलाची लढाई महिनाभर चालली. त्यात सुमारे एक लाख नागरिक मेले: काही जपान्यांच्या कत्तलीत, काही अमेरिकन तोफखान्याच्या माऱ्यात. इंत्रामुरोसमधल्या सात चर्चपैकी एकच उभं राहिलं, सान आगुस्तीन. १६०७ मध्ये पुरं झालेलं हे चर्च आता जागतिक वारशात आहे. आत मान वर करून छताकडे बघा: कोरीव नक्षी वाटते ती सगळी सपाट पृष्ठभागावर रंगवलेली आहे, दोन इटालियन चित्रकारांनी १८७५ मध्ये. लेगास्पीची कबर इथेच. आणि १८९८ मध्ये स्पॅनिशांनी अमेरिकनांपुढे शरणागतीच्या अटींवर सही केली तीही इथल्याच एका खोलीत.

ती शरणागती म्हणजे एक नाटक होतं. १३ ऑगस्ट १८९८ रोजी दोन्ही गोऱ्या फौजांनी आधी ठरवून लुटुपुटूची लढाई केली. हेतू एकच, शहराला वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैन्याला तटाच्या आत येऊ द्यायचं नाही. तटावर उभं राहिलं की हे नीट कळतं. आतून जे संरक्षण वाटतं, तेच बाहेरच्याला हद्दपारी.

आपल्याशी जोडणारे दोन धागेही याच तटाच्या आत आहेत. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया मनिलात येऊन फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, इथूनच जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले. वसईतल्या गासच्या चर्चला त्यांचंच नाव आहे. इंत्रामुरोसमधलं फ्रान्सिस्कनांचं चर्च १९४५ मध्ये गेलं, आज त्या जागी विद्यापीठ आहे, त्यामुळे वसईकरांना बघण्यासारखं तिथे काही नाही. पण जागा तीच. दुसरा धागा १७६२ चा. इंग्रजांनी मद्रासहून फौज आणून मनिला दोन वर्षं बळकावलं. त्या फौजेतले काही हिंदी शिपाई परत गेलेच नाहीत, पूर्वेकडच्या काइंता गावात संसार थाटून राहिले.

पण इंत्रामुरोसला जायचं ते होसे रिझालसाठी. डोळ्यांचा डॉक्टर, कादंबरीकार, आज देशाचा राष्ट्रनायक; तेव्हा वय ३५. शस्त्र न उचलताही राजद्रोहाची शिक्षा झाली. फोर्ट सांतियागोमधली त्याची कोठडी आणि वस्तू बघता येतात. शेवटची कविता त्याने स्पिरिटच्या छोट्या शेगडीत लपवली आणि भेटीला आलेल्या बहिणीला हळूच इंग्रजीत सांगितलं की आत काहीतरी आहे. पहाऱ्यावरच्या स्पॅनिश शिपायांना कळू नये म्हणून इंग्रजी! ३० डिसेंबर १८९६ च्या सकाळी त्याला इथून चालवत बागुम्बायानच्या मैदानात, म्हणजे आजच्या लुनेता बागेत नेलं. त्या वाटेवर फरशीत पितळी पावलं बसवली आहेत. ती छोटी आहेत, माझा बूट त्यावर ठेवला तर दोन बोटं बाहेर येत होता. पोरं त्यावर पाय ठेवून फोटो काढतात. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

विगन: जे वाचलं

विगन इंत्रामुरोसच्या बरोबर उलट आहे. १५७२ मध्ये लेगास्पीच्या नातवाने, हुआन दे साल्सेदोने वसवलेलं. महायुद्धात ते वाचलं. गावात एक गोष्ट सांगतात: एका जपानी अधिकाऱ्याचं इथल्या बाईवर प्रेम होतं, माघार घेताना बायकोमुलांच्या काळजीने त्याने गाव जाळू दिलं नाही. खरं-खोटं देव जाणे, पण १९९९ मध्ये युनेस्कोने यादीत घेतलेला क्रिसोलोगो रस्ता आजही दगडी आहे आणि त्यावर घोडागाड्याच चालतात.

घरं खालून दगड-विटांची, वरून लाकडाची. खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांचे चौकोन, ज्यातून दुपारचं ऊन दुधासारखं आत येतं. गोव्यातल्या जुन्या घरांत आहेत अगदी तशाच. शिंपलाही तोच. घरमालक बरेचसे चिनी-फिलिपिनो मिश्र व्यापारी, निळ आणि तंबाखूवर मोठे झालेले. म्हणजे हे स्पॅनिश गाव नाहीच. स्पॅनिश नकाशावर चिनी पैशाने आणि स्थानिक इलोकानो सुतारांनी उभं केलेलं गाव आहे.

रात्री दिवे लागल्यावर रस्ता चित्रासारखा दिसतो, आणि तीच अडचण आहे. लोक फोटो काढतात, एम्पनाडा खातात, की-चेन घेतात आणि परततात. इतिहास बघायचा असेल तर रस्त्यापासून थोडं बाजूला, पाद्रे बुर्गोसच्या घराजवळच्या जुन्या तुरुंगात भरलेल्या संग्रहालयात जा. तिथे १८२१ मध्ये काढलेली चौदा चित्रं आहेत, १८०७ च्या 'बासी' बंडाची. बासी म्हणजे उसाची दारू. ती घरी गाळायला सरकारने बंदी केली आणि लोक उठले. चित्रांत रांगेने सैनिक, नदीवरची लढाई, शेवटी फाशी, आणि आकाशात त्या वर्षी दिसलेला धूमकेतू. चित्रकाराला मोजमाप फारसं जमत नाही, माणसं खेळण्यांसारखी दिसतात. स्पोलियारियमच्या भव्यतेपेक्षा मला हीच जास्त आवडली.

मग विगन की इंत्रामुरोस? बरोबर आई-बाबा असतील, उकाड्यात तंगडतोड नको असेल आणि दोन रात्री हातात असतील तर विगन. वेळ कमी असेल तर चार तासांचं इंत्रामुरोस तुम्हाला जास्त सांगून जाईल. विगनला न जाण्याची हळहळ राहील, हे कबूल. पण विगन हा वाचलेला अपवाद आहे. देशाचं खरं काय झालं ते तुटलेल्या मनिलात दिसतं. उत्तरेला जाणारच असाल तर पुढे पावायचं चर्च चुकवू नका. भूकंपाला तोंड द्यायला बाजूंनी लावलेले अवाढव्य आधार, अंगावर हात फिरवला तर प्रवाळाचा दगड खरखरतो.

कावित आणि मालोलोस: एका दिवसात एकच

दोन्ही मनिलाजवळ, पण एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला. मधली वाहतूक बघता एकच निवडा.

कावितला स्पेनविरुद्धच्या क्रांतीचा नेता एमिलियो अगिनाल्दो याचं घर आहे. १२ जून १८९८ रोजी इथे स्वातंत्र्याची घोषणा झाली, झेंडा फडकला, राष्ट्रगीताची धून पहिल्यांदा वाजली. आज सगळे ज्या सज्जाचा फोटो काढतात, तो अगिनाल्दोने नंतर बांधला. घोषणा खिडकीतून झाली होती. घर चोरवाटांनी भरलेलं, मालक मागच्या बागेत चिरनिद्रेत. मुलांना आवडतं. पण घर अगिनाल्दोची बाजू सांगतं. त्याच्याच राजवटीत मे १८९७ मध्ये क्रांतीचा मूळ संघटक आंद्रेस बोनिफास्यो याला खटला चालवून मारलं गेलं. तो खटला जिथे चालला ते घरही याच प्रांतात, मारागोंदोनला, संग्रहालय म्हणून उघडं आहे. वेळ असेल तर दोन्ही बघा. नुसतं कावित बघणं म्हणजे एका साक्षीदाराची जबानी ऐकून निकाल देणं.

मालोलोसचं बारासोआइन चर्च त्या मानाने शांत. सप्टेंबर १८९८ मध्ये इथे काँग्रेस भरली, तिने आशियातल्या सुरुवातीच्या प्रजासत्ताकांपैकी एकाची घटना बनवली. धर्म आणि राज्य वेगळे ठेवण्याचा ठराव एका मताच्या फरकाने पास झाला, तोही चर्चमध्ये बसून! ज्यांना कायदा, घटना, संसद यांत रस आहे त्यांनी मालोलोस घ्यावं. बाकीच्यांनी कावित.

युद्ध बघायचं असेल तर

कोरेहिदोर हे मनिलाच्या उपसागराच्या तोंडावरचं बेट. मालिंता बोगदा, गंजलेल्या प्रचंड तोफा, छप्पर उडालेल्या बराकी. ११ मार्च १९४२ च्या रात्री अमेरिकन सेनापती मॅकआर्थर इथून निसटला, ६ मे रोजी बेट जपान्यांच्या हाती पडलं. लष्करी इतिहासाची आवड असणाऱ्याला इथे सबंध दिवस कमी पडेल. माझी तक्रार दोन प्रकारची आहे. एक, बोटीचं वेळापत्रक भरवशाचं नाही. माझी फेरी आदल्या संध्याकाळी एका संदेशाने रद्द झाली होती, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कोरेहिदोर ठेवू नका. दोन, तिथली गोष्ट बरीचशी अमेरिकन सेनापतींची आहे. १९६८ मध्ये याच बेटावर, मलेशियातल्या सबाहमध्ये घुसवण्यासाठी तयार केलेल्या मुसलमान तरुणांना त्यांच्याच लष्कराने गोळ्या घातल्या. दक्षिणेतल्या मोरो, म्हणजे मुसलमानांच्या बंडाची एक ठिणगी तिथे पडली. माझ्या फेरीतला गाइड त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही.

सामान्य माणसांचं युद्ध बघायचं असेल तर बोटीची गरजच नाही. इंत्रामुरोसमध्येच, सान आगुस्तीनपासून चालत जाण्यासारख्या एका छोट्या चौकात, १९४५ च्या मृतांचं स्मारक आहे: मेलेलं मूल कुशीत घेतलेली बाई. आजूबाजूला रिक्षावाले डुलक्या काढत असतात. मला कोरेहिदोरच्या तोफांपेक्षा हे जास्त लागलं.

बानावे इतिहासासाठी घेऊ नका, डोंगरासाठी घ्या. रात्रभराचा प्रवास आहे, आणि गावाजवळच्या ज्या टप्प्यावरून सगळे फोटो काढतात तो भाग जागतिक वारशाच्या यादीतही नाही. त्यासाठी बाताद किंवा बांगानला चालत जावं लागतं. खाचरं दोन हजार वर्षं जुनी, असं प्रत्येक माहितीपत्रक सांगतं. पुरातत्त्वाचं अलीकडचं काम मात्र त्यातली बरीचशी स्पॅनिश आल्यानंतरची, त्यांच्यापासून दूर डोंगरात गेलेल्या लोकांनी केलेली असल्याचं दाखवतं. मला तरी ही दुसरी गोष्ट जास्त भारी वाटते.

आणि हुकूमशहा मार्कोसचा काळ? त्यासाठी केझोन सिटीतलं 'बांतायोग ङ मङा बायानी'. काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर हुकूमशाहीशी लढलेल्यांची नावं. अर्धा तास लागतो, गर्दी नसते.

तर माझी आखणी अशी. एक दिवस: सकाळी संग्रहालयं, दुपारी जेवून इंत्रामुरोस, संध्याकाळी पितळी पावलांच्या मागे चालत लुनेता. दोन दिवस: दुसऱ्या दिवशी कावित आणि मारागोंदोन. पाच दिवस: त्यात विगनच्या दोन रात्री. सेबू फक्त वाटेत असेल तर. कोरेहिदोर फक्त एखादा दिवस फुकट गेला तरी चालणार असेल तर.

लुनेतात रिझालला गोळ्या घातल्या त्या जागी पुतळ्यांचा देखावा आहे. बंदूकधाऱ्यांची पहिली रांग फिलिपिनो शिपायांची, आणि त्यांनी कच खाल्ली तर त्यांनाच उडवायला मागे दुसरी रांग स्पॅनिशांची. तिथून जवळच रिझालच्या स्मारकासमोर रस्त्यालगत एक बुटका दगड आहे, शून्य किलोमीटरचा. लुझोन बेटावरची सगळी अंतरं तिथून मोजतात. पुढे विगनच्या बसमध्ये झोप लागली नाही, तर खिडकीतून दिसणारे आकडे याच दगडापासूनचे.